शेवटची पायरी : अरोमाटेज विकर आणि अँजेला ब्रोडी यांचे संशोधन

१. सत्तावीस कार्बनपासून अठरापर्यंत

मानवी शरीरातील सगळी स्टेरॉइड संप्रेरके कोलेस्टेरॉलपासून तयार होतात. कोलेस्टेरॉलच्या रेणूत २७ कार्बन अणू असतात. त्याची बाजूची शेपटी तोडली की ६ कार्बन गळतात आणि २१ कार्बनांचे प्रेग्नेनोलोन उरते. प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन या २१ कार्बनांच्या घराण्यातली संप्रेरके आहेत. आणखी २ कार्बन कमी झाले की १९ कार्बनांची अँड्रोजेन संप्रेरके मिळतात. अँड्रोस्टेनडायोन आणि टेस्टोस्टेरॉन ही त्यांतली प्रमुख. शेवटी एकच कार्बन काढला जातो आणि १८ कार्बनांची इस्ट्रोजेन संप्रेरके, म्हणजे इस्ट्रोन आणि इस्ट्राडायॉल, अस्तित्वात येतात.

या उतरंडीतील प्रत्येक पायरीवर एक विकर काम करते. विकर, म्हणजेच एन्झाइम, हे एखादी विशिष्ट रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. कोणत्या ग्रंथीत कोणती विकरे आहेत, त्यावर ती ग्रंथी कोणते संप्रेरक बनवणार हे ठरते. अधिवृक्क ग्रंथीत २१व्या आणि ११व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट बसवणारी विकरे असतात, म्हणून तिथे कॉर्टिसॉल तयार होते. बीजांडकोशात ती नसतात. तिथली साखळी इस्ट्रोजेनकडे वळते. सुरुवातीचा माल एकच असतो, ग्रंथींचा वेगळेपणा त्यांच्याजवळच्या विकरांत असतो.

स्त्री-संप्रेरक पुरुष-संप्रेरकापासून तयार होते, ही या साखळीतली सर्वांत लक्षवेधी गोष्ट. टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्राडायॉल आणि अँड्रोस्टेनडायोनचे इस्ट्रोन करणाऱ्या विकराला अरोमाटेज म्हणतात. इस्ट्रोजेनकडे जाणारी ही एकमेव वाट आहे आणि तिच्यापुढे दुसरे कोणतेही स्टेरॉइड घराणे नाही. या एका वस्तुस्थितीवर स्तनाच्या कर्करोगावरील औषधांचा एक पूर्ण वर्ग उभा राहिला. तो उभा करण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, त्या अँजेला ब्रोडी (१९३४–२०१७) या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ.

२. अरोमाटेजचे काम

स्टेरॉइडच्या रेणूत चार कडी एकमेकांना जोडलेली असतात. अँड्रोजेनमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या कड्याच्या सांध्यावर १९वा कार्बन मिथिल गटाच्या रूपात असतो. हा गट काढून टाकायचा आणि पहिल्या कड्याला बेन्झीनसारखे, म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत अरोमॅटिक, रूप द्यायचे, हे अरोमाटेजचे काम. विकराचे नाव त्यावरूनच पडले.

ही क्रिया तीन टप्प्यांत होते. पहिल्या दोन टप्प्यांत १९व्या कार्बनचे क्रमाने ऑक्सिडीकरण होऊन तो आधी अल्कोहोलच्या आणि मग अल्डिहाइडच्या अवस्थेत येतो. तिसऱ्या टप्प्यात तो फॉर्मिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडतो आणि कडे अरोमॅटिक होते. प्रत्येक टप्प्याला ऑक्सिजनचा एक रेणू आणि एनएडीपीएच या सहविकराचा एक रेणू खर्ची पडतो. १९७४ मध्ये थॉम्पसन आणि सिटेरी यांनी वारेतील, म्हणजे प्लॅसेंटातील, सूक्ष्मकणांवर (पेशी फोडून मिळणाऱ्या पटलाच्या तुकड्यांवर) मोजमाप करून तीनास तीन असा हा हिशेब पक्का केला.

अरोमाटेज हे सायटोक्रोम पी-४५० या मोठ्या विकरकुलातले आहे. या कुलातल्या विकरांच्या गाभ्यात हिमोग्लोबिनप्रमाणे हीम असते. हीममधल्या लोहाशी कार्बन मोनॉक्साइड जोडला गेला की ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते; कुलनामातला आकडा तिथून आला. स्टेरॉइडच्या साखळीतल्या बहुतेक महत्त्वाच्या पायऱ्या याच कुलातल्या विकरांकडे आहेत. त्यामुळे एकाला रोखणारे रसायन शेजारच्या दुसऱ्यालाही रोखण्याची शक्यता मोठी असते. पुढच्या सगळ्या संशोधनात ही अडचण वारंवार आडवी आली.

१९५९ मध्ये केनेथ रायन यांनी मानवी वारेतील सूक्ष्मकण अँड्रोजेनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर जोमाने करतात हे दाखवले. तेव्हापासून वार हा अरोमाटेज अभ्यासण्याचा मुख्य स्रोत झाला. बाळंतपणानंतर एरवी टाकून दिला जाणारा हा अवयव विकराने समृद्ध असतो आणि सहज उपलब्धही असतो.

अरोमाटेज बीजांडकोशात आणि वारेत तर असतेच. शिवाय मेदपेशी, त्वचा, स्नायू, हाडे आणि मेंदू यांतही असते. जनुक एकच, १५व्या गुणसूत्रावरचे. त्यातून तयार होणारे ५०३ अमिनो आम्लांचे प्रथिनही एकच. मात्र ते जनुक चालू करणारे नियंत्रक भाग ऊतकागणिक वेगळे असतात. म्हणून बीजांडकोशातले अरोमाटेज पिट्युटरी ग्रंथीच्या आदेशाने वरखाली होते आणि मेदपेशींतले त्या आदेशाला जुमानत नाही. रजोनिवृत्तीनंतर बीजांडकोश थंडावतो, पण अधिवृक्क ग्रंथी अँड्रोस्टेनडायोन सोडतच राहते आणि मेदपेशी त्याचे इस्ट्रोन करीत राहतात. सिटेरी आणि पॉल मॅकडोनाल्ड यांच्या अभ्यासांतून हे चित्र १९७०च्या दशकात स्पष्ट झाले. वय आणि शरीरातील मेद वाढला की हे रूपांतरही वाढते, हेही त्यांतून दिसले.

३. शस्त्रक्रियेचा काळ

स्तनाची गाठ आणि बीजांडकोश यांचा संबंध संप्रेरकांचा शोध लागण्याआधीच ध्यानात आला होता. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग पसरलेल्या तरुण स्त्रीचे बीजांडकोश काढल्यावर गाठी विरघळल्याचे त्यात नोंदवले होते. ‘हार्मोन’ ही संज्ञा १९०५ मध्ये रूढ झाली आणि इस्ट्रोन शुद्ध स्वरूपात १९२९ मध्ये मिळाले. गुण आला होता, त्याचा खुलासा करणारे ज्ञान तेव्हा नव्हते.

रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत बीजांडकोश काढून उपयोग होत नाही, हेही पुढे दिसले. १९५०च्या दशकाच्या आरंभी शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनी दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढण्याचा मार्ग पत्करला. कॉर्टिसोन औषध म्हणून मिळू लागले होते, म्हणूनच ग्रंथी काढल्यावर रुग्ण जगू शकत होता. काही रुग्णांना गुण येई. पण आजाराने आधीच खंगलेल्या बाईवर ही मोठी शस्त्रक्रिया आणि नंतर जन्मभर कॉर्टिसोन, अशी त्याची किंमत होती.

शस्त्रक्रियेत अख्खी ग्रंथी जाते. हवे-नको ते सगळेच तिच्याबरोबर जाते. इस्ट्रोजेन रोखायचे आणि बाकीची संप्रेरके शाबूत ठेवायची, हे शस्त्राला जमणारे नव्हते. त्यासाठी विकराच्या पातळीवर उतरणे भाग होते.

४. दोन वाटा

इस्ट्रोजेनचा परिणाम दोन ठिकाणी अडवता येतो. पहिले ठिकाण ते जिथे काम करते तिथले. शिकागोच्या एलवुड जेन्सन यांनी दाखवले की इस्ट्रोजेन पेशीतल्या एका विशिष्ट प्रथिनाला, म्हणजे ग्राहीला, चिकटते आणि मगच त्याचा परिणाम होतो. या ग्राहीवर आधीच जाऊन बसणारे टॅमॉक्सिफेन ब्रिटनच्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६२ मध्ये तयार झाले होते. गर्भनिरोधक म्हणून केलेला तो प्रयत्न त्या कामी निष्फळ ठरला; पण १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये ते स्तनाच्या कर्करोगावरचे औषध म्हणून आले आणि दीर्घकाळ पहिल्या पसंतीचे राहिले.

टॅमॉक्सिफेनची एक अडचण त्याच्या स्वभावातच होती. ते स्तनाच्या ऊतकात इस्ट्रोजेनला विरोध करते, पण गर्भाशयाच्या अस्तरावर स्वतःच इस्ट्रोजेनसारखे वागते. दीर्घकाळ घेतल्यास त्या अस्तराच्या कर्करोगाचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. शिवाय काही गाठी कालांतराने टॅमॉक्सिफेनलाच इस्ट्रोजेन समजून वाढू लागतात.

दुसरी वाट इस्ट्रोजेन तयारच होऊ न देण्याची. त्या दृष्टीने पहिले औषध हाती आले ते आडवळणाने. अमिनोग्लुटेथिमाइड हे अपस्मारावर दिले जात होते. ते अधिवृक्क ग्रंथीचे काम मंदावते हे ध्यानात आल्यावर १९६६ मध्ये अमेरिकेत ते मागे घेण्यात आले. तोच दोष स्तनाच्या कर्करोगात गुण ठरेल, या विचाराने १९७०च्या दशकात ते वापरले जाऊ लागले. ते अरोमाटेज रोखते, पण कोलेस्टेरॉलची शेपटी तोडणाऱ्या पहिल्याच विकरालाही रोखते. त्यामुळे कॉर्टिसॉलही आटते आणि सोबत हायड्रोकॉर्टिसोन द्यावे लागते. झापड, पुरळ आणि चक्कर हे त्रास वेगळेच. एका शेताचे पाणी तोडण्यासाठी कालवा मुखाशीच बंद करावा आणि मग बाकीच्या शेतांना टँकरने पाणी घालावे, तसा हा उपचार होता. बंद करायला हवे होते ते त्या एका शेताचे बारे.

५. वुस्टर फाउंडेशन

अँजेला ब्रोडी, माहेरच्या हार्टली, यांचा जन्म १९३४ मध्ये इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे झाला. वडील औद्योगिक रसायनशास्त्रज्ञ होते. शेफील्ड विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकून त्यांनी १९६१ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातून पीएच. डी. मिळवली. त्यानंतर त्या अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील श्रूजबरी येथे वुस्टर फाउंडेशन फॉर एक्सपेरिमेंटल बायॉलॉजी या संस्थेत दाखल झाल्या.

स्टेरॉइडवरील संशोधनासाठी त्या काळी याहून योग्य जागा क्वचितच मिळाली असती. ग्रेगरी पिंकस आणि हडसन होगलंड यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या या संस्थेत पिंकस आणि एम. सी. चँग यांनी गर्भनिरोधक गोळीचे मूलभूत काम केले होते. स्टेरॉइड रेणू बनवणारे रसायनशास्त्रज्ञ आणि ते प्राण्यांवर पारखणारे जीवशास्त्रज्ञ तिथे एकाच आवारात होते. हॅरी ब्रोडी हे त्यांतलेच एक रसायनशास्त्रज्ञ. अरोमाटेजची क्रिया नेमकी कशी घडते याचा ते अभ्यास करीत होते. १९६४ मध्ये अँजेला आणि हॅरी यांचा विवाह झाला. मुलांच्या संगोपनासाठी काही वर्षे घरी राहून अँजेला ब्रोडी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत परतल्या, त्या याच विकरावर काम करण्यासाठी.

१९७३ मध्ये श्वार्झेल, क्रुगेल आणि हॅरी ब्रोडी यांनी मानवी वारेतील अरोमाटेज रोखणाऱ्या संयुगांविषयीचा निबंध ‘एंडोक्रिनॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. नैसर्गिक अँड्रोजेनच्या रेणूत छोटे छोटे बदल करून त्यांनी संयुगांची मालिका पारखली होती. विकर ज्या रेणूवर काम करते त्याच्याशी रोधकाचे जितके साम्य अधिक, तितका तो त्या विकराशी नेमका जुळेल आणि शेजारच्या विकरांना धक्का लावण्याची शक्यता कमी, हा त्यामागचा तर्क होता.

नळीतल्या प्रयोगात विकर रोखणे ही सुरुवात झाली. जिवंत प्राण्यात ते संयुग टिकते का, इस्ट्रोजेनची पातळी उतरते का, गाठ आकसते का, हे प्रश्न पुढे होते. ते अँजेला ब्रोडी यांनी हाती घेतले.

६. ४-हायड्रॉक्सीअँड्रोस्टेनडायोन

मालिकेतल्या संयुगांपैकी ४-हायड्रॉक्सीअँड्रोस्टेनडायोन सर्वांत आश्वासक ठरले. नावावरूनच दिसते की हे अँड्रोस्टेनडायोनच, फक्त चौथ्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट जास्तीचा. १९७७ मध्ये अँजेला ब्रोडी, श्वार्झेल, शेख आणि हॅरी ब्रोडी यांनी या संयुगाचे प्रजननक्रियेवरील आणि स्तनाच्या कर्करोगावरील परिणाम प्रसिद्ध केले. रसायनाने उद्भवलेल्या आणि इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या उंदरांतल्या स्तनगाठी या संयुगाने आकसल्या. निवडून अरोमाटेजच रोखणारे संयुग जिवंत प्राण्यातील गाठीवर चालते, याचा हा पहिला ठोस पुरावा होता.

या प्रयोगाला एक मर्यादा होती. त्या उंदरांत इस्ट्रोजेन बीजांडकोशातून येते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रीत ते मेद आणि अन्य ऊतकांतून येते. म्हणून ब्रोडी यांनी क्रिस्टोफर लाँगकोप यांच्यासह ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केले. बीजांडकोशाबाहेरच्या ऊतकांत चालणारे रूपांतरही हे संयुग रोखते, हे त्या प्रयोगांतून १९८० मध्ये समोर आले.

या संयुगाची कार्यपद्धती नंतर उलगडली. साधा रोधक विकराच्या क्रियास्थळी काही वेळ बसतो आणि उठून जातो. तो गेला की विकर पुन्हा कामाला लागते. ४-हायड्रॉक्सीअँड्रोस्टेनडायोन तसे वागत नाही. विकर त्याला अँड्रोस्टेनडायोन समजून आत घेते, त्यावर नेहमीची क्रिया सुरू करते आणि त्या क्रियेतच स्वतः कायमचे निकामी होते. अशा पदार्थांना जीवरसायनशास्त्रात आत्मघाती रोधक म्हणतात. इथे घात होतो तो विकराचा आणि तो स्वतःच्याच कृतीने. याचे दोन फायदे आहेत. रक्तातले औषध ओसरले तरी पेशीला नवे विकर तयार करेपर्यंत परिणाम टिकतो. आणि औषधाला कामाला लावणारे विकर स्वतः अरोमाटेजच असल्याने इतर विकरे बहुतांशी सुटतात; कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन यांची निर्मिती चालू राहते. अमिनोग्लुटेथिमाइडला जे साधले नव्हते, ते इथे साधले.

७. अकरा रुग्ण

१९७९ मध्ये ब्रोडी बाल्टिमोर येथील मेरीलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आल्या आणि पुढची कारकीर्द तिथेच झाली. संयुग तयार होते, प्राण्यांवरचे निष्कर्ष अनुकूल होते. औषध कंपन्या मात्र पुढे येत नव्हत्या. टॅमॉक्सिफेन नुकतेच स्थिरावले होते. दुसरे संप्रेरकविरोधी औषध कशाला, हा प्रश्न तेव्हा अनेकांना रास्त वाटत होता.

मार्ग निघाला तो युरोपातून. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रोममधील एका परिषदेत ब्रोडी यांनी आपले काम मांडले आणि तिथे त्यांची गाठ लंडनच्या रॉयल मार्सडेन हॉस्पिटलचे चार्ल्स कूम्ब्स यांच्याशी पडली. कूम्ब्स यांनी हे संयुग रुग्णांवर वापरून पाहण्याची तयारी दाखवली. कूम्ब्स, गॉस, डाउसेट, गाझे आणि ब्रोडी यांचा अहवाल १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. रजोनिवृत्तीनंतरच्या, आजार पुढे गेलेल्या ११ स्त्रियांना स्नायूत इंजेक्शनने हे औषध दिले होते. त्यांपैकी ४ जणींच्या गाठी आकसल्या. इतर उपचार करून थकलेल्या रुग्णांत हे प्रमाण दुर्लक्षिण्याजोगे नव्हते. रक्तातील इस्ट्राडायॉलही उतरले होते.

स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी कंपनीने नंतर हे औषध हाती घेतले. फॉर्मेस्टेन या नावाने ते १९९०च्या दशकात युरोपातील व अन्य काही देशांत उपलब्ध झाले. दर दोन आठवड्यांनी २५० मिलिग्रॅमचे इंजेक्शन, ही त्याची पद्धत. अमेरिकेत ते कधीच बाजारात आले नाही. अधिक सोयीची औषधे तोवर तयार होत होती.

८. गोळीच्या रूपातली पुढची पिढी

फॉर्मेस्टेन तोंडाने घेतल्यास यकृतात लवकर निष्प्रभ होते, म्हणून इंजेक्शनला पर्याय नव्हता. अरोमाटेज हे लक्ष्य योग्य आहे एवढे मात्र सिद्ध झाले होते आणि कंपन्यांचा संकोच गेला. तीन औषधे आली : अनास्ट्रोझोल, लेट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन. १९९५ ते १९९९ या काळात त्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. रोजचा डोस अनुक्रमे १ मिलिग्रॅम, २.५ मिलिग्रॅम आणि २५ मिलिग्रॅम.

त्यांतले एक्झेमेस्टेन हे स्टेरॉइड आहे आणि फॉर्मेस्टेनप्रमाणेच विकराला कायमचे निकामी करते. अनास्ट्रोझोल आणि लेट्रोझोल यांची रचना स्टेरॉइडची नाही. त्यांच्यातले ट्रायझोल कडे विकराच्या हीममधील लोहाला धरून बसते आणि ऑक्सिजनला तिथे जागा उरत नाही. हे बंधन कायमचे नसते, पण इतके घट्ट असते की रोजच्या एका छोट्या गोळीने शरीरातील अरोमाटेजचे काम ९५ टक्क्यांहून अधिक थांबते.

ही औषधे टॅमॉक्सिफेनपेक्षा सरस आहेत का आणि दोन्ही एकत्र दिली तर आणखी चांगले का, हा प्रश्न साहजिकच आला. ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने त्यासाठी एक नवे प्रारूप तयार केले. एमसीएफ-७ या मानवी स्तन-कर्कपेशींत अरोमाटेजचे जनुक घालायचे, त्या पेशी बीजांडकोश काढलेल्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत रुजवायच्या आणि बाहेरून अँड्रोस्टेनडायोन द्यायचे. गाठ मग स्वतःचे इस्ट्रोजेन स्वतः बनवते. म्हणजे रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रीची स्थिती उंदरात उभी राहते. या प्रारूपात लेट्रोझोल टॅमॉक्सिफेनहून प्रभावी ठरले. दोन्ही एकत्र दिल्याने मात्र एकट्या लेट्रोझोलपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. याचे एक कारण टॅमॉक्सिफेनच्या दुहेरी स्वभावात सापडते : इस्ट्रोजेन जवळपास संपलेले असताना ग्राहीवर बसलेले टॅमॉक्सिफेन स्वतःच सौम्य इस्ट्रोजेनचे काम करू लागते.

१९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘एटॅक’ या चाचणीत ९,३६६ स्त्रिया सहभागी झाल्या. अनास्ट्रोझोल, टॅमॉक्सिफेन आणि दोन्ही एकत्र, असे तीन गट होते. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत अनास्ट्रोझोल टॅमॉक्सिफेनहून सरस ठरले आणि एकत्रित उपचार टॅमॉक्सिफेनच्याच पातळीवर राहिला. उंदरांतल्या प्रारूपाने दाखवलेली दिशा माणसांत खरी ठरली.

२०१५ मध्ये अशा चाचण्यांतील ३१,९२० स्त्रियांची माहिती एकत्र करून विश्लेषण झाले. पाच वर्षे अरोमाटेज-रोधक घेतलेल्या स्त्रियांत दहा वर्षांतील स्तन-कर्करोगाचे मृत्यू १२.१ टक्के होते; पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतलेल्यांत १४.२ टक्के. टॅमॉक्सिफेन स्वतःच मृत्यू बऱ्याच प्रमाणात कमी करते. त्यावर आणखी मिळालेला हा फायदा आहे, हे लक्षात घेतले तर दोन टक्क्यांच्या फरकाचे मोल कळते.

९. इस्ट्रोजेन नसल्याची किंमत

विकर पूर्ण थांबवले की त्याचे एरवीचे उपयोगही थांबतात. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा हाडांशी निगडित आहे. इस्ट्रोजेन हाडांची झीज आटोक्यात ठेवते. वर उल्लेखिलेल्या विश्लेषणात पाच वर्षांत हाड मोडण्याचे प्रमाण अरोमाटेज-रोधक घेणाऱ्यांत ८.२ टक्के आणि टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत ५.५ टक्के होते. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग मात्र अरोमाटेज-रोधकांच्या गटात कमी आढळला. सांधेदुखी ही रोजची तक्रार, आणि अनेक जणी त्यापायी गोळ्या अर्ध्यावर सोडतात. त्यामुळे उपचारादरम्यान हाडांची घनता तपासणे, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देणे, गरजेप्रमाणे हाडे बळकट करणारी औषधे देणे हा उपचाराचाच भाग झाला आहे.

हाडांना इस्ट्रोजेन किती लागते, आणि तेही पुरुषांच्या हाडांना, हे निसर्गाने घडवलेल्या दोन उदाहरणांतून दिसले. १९९४ मध्ये इस्ट्रोजेन-ग्राहीत दोष असलेल्या एका तरुणाचे आणि १९९५ मध्ये अरोमाटेजच्याच जनुकात दोष असलेल्या दुसऱ्या तरुणाचे वर्णन प्रसिद्ध झाले. दोघांची उंची २०४ सेंटिमीटर होती. दोघांच्याही हाडांची टोके विशी ओलांडल्यावरही जुळलेली नव्हती आणि हाडे ठिसूळ होती. टेस्टोस्टेरॉन दोघांतही भरपूर होते. पौगंडावस्थेत हाडांची वाढ थांबवण्याचे आणि ती कणखर करण्याचे काम पुरुषातही मुख्यतः इस्ट्रोजेन करते, आणि ते टेस्टोस्टेरॉनपासून अरोमाटेजच तयार करते, हा धडा त्यातून मिळाला.

१०. बीजांडकोश चालू असताना

रजोनिवृत्तीपूर्वी या औषधांचा एकट्याने उपयोग होत नाही. इस्ट्रोजेन उतरल्याचे मेंदूला कळते, पिट्युटरी ग्रंथी बीजांडकोशाला अधिक जोराचा आदेश देते आणि तिथे जास्त अरोमाटेज तयार होऊन औषधावर मात होते. म्हणून तरुण रुग्णांत आधी बीजांडकोशाचे काम औषधाने किंवा शस्त्रक्रियेने थांबवावे लागते. भारतात स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सरासरीने लहान वयात आढळतो, त्यामुळे इथल्या कर्करोगतज्ज्ञांपुढे ही बाब अधिक वेळा येते.

कर्करोगात आड येणारा हाच आदेश वंध्यत्वाच्या उपचारात उपयोगी पडतो. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस लेट्रोझोल दिले की पिट्युटरीचा आदेश वाढतो, बीजकोष पक्व होतो आणि बीज सुटते. बीज नियमित न सुटण्याचा ‘पीसीओएस’ हा विकार असलेल्या ७५० स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. लेट्रोझोल घेतलेल्यांत जिवंत बालकाच्या जन्माचे प्रमाण २७.५ टक्के, तर क्लोमिफेन या जुन्या औषधावर १९.१ टक्के होते. भारतात या कारणासाठी लेट्रोझोल वापरण्यावर केंद्र सरकारने २०११ मध्ये बंदी घातली होती. ती २०१७ मध्ये उठली.

११. विकराचे रूप आणि उरलेले प्रश्न

इतकी औषधे वापरात आली तरी अरोमाटेजची त्रिमिती रचना कुणी पाहिलेली नव्हती. पेशीतल्या पटलात रुतून बसणाऱ्या प्रथिनाचे स्फटिक मिळवणे अवघड असते. बफलो येथील हॉप्टमन-वुडवर्ड संस्थेतील देबाशीष घोष आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये ही रचना प्रसिद्ध केली. विकर त्यांनी मानवी वारेतूनच शुद्ध केले होते. क्रियास्थळाची पोकळी अँड्रोजेनच्या रेणूला अगदी नेमकी बसते, इतर स्टेरॉइडना तिथे सहज जागा नाही, हे त्यातून उघड झाले. नैसर्गिक रेणूशी जुळणारा रोधकच निवडक ठरेल, या १९७०च्या दशकातल्या तर्काचा आधार आता प्रत्यक्ष दिसला.

औषधाला न जुमानणाऱ्या गाठी हा उरलेला मोठा प्रश्न. ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने आपल्या प्रारूपातील गाठींना लेट्रोझोल दीर्घकाळ देऊन त्या दाद देईनाशा झाल्यावर त्यांचा अभ्यास केला. अशा पेशींत इस्ट्रोजेन-ग्राही कमी झाला होता आणि वाढीचा दुसरा मार्ग, एचईआर-२ या प्रथिनाचा, जोर धरून होता. तो मार्ग अडवला की पेशी पुन्हा लेट्रोझोलला दाद देऊ लागत. २०१३ मध्ये आणखी एक कारण उजेडात आले : काही गाठींत इस्ट्रोजेन-ग्राहीच्या जनुकात बदल होतो आणि तो ग्राही संप्रेरकाविनाच चालू राहतो. अशा वेळी इस्ट्रोजेनची निर्मिती थांबवून काही साधत नाही. ग्राहीच नष्ट करणारी औषधे लागतात.

ब्रोडी यांनी हीच विचारपद्धती प्रोस्टेटच्या कर्करोगाकडेही वळवली. तो अँड्रोजेनवर पोसतो, म्हणून तिथे रोखायचे विकर एक पायरी अलीकडचे, सीवायपी-१७. व्हिन्सेंट न्जार यांच्यासह त्यांनी गॅलेटेरोन हे संयुग विकसित केले. ते रुग्णांवरील तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोहोचले, पण यश येण्याची शक्यता कमी दिसल्याने २०१६ मध्ये ती चाचणी थांबवण्यात आली. लंडनमध्ये विकसित झालेले अबिराटेरोन याच विकरावर काम करते आणि २०११ पासून वापरात आहे. सीवायपी-१७ साखळीच्या मध्यावर आहे. ते रोखले की कॉर्टिसॉलही घटते, म्हणून अबिराटेरोनसोबत प्रेडनिसोलोन किंवा प्रेडनिसोन द्यावे लागते. अरोमाटेज-रोधकांना अशा जोडीची गरज पडत नाही. साखळीतली शेवटची पायरी निवडण्याचा फायदा या तुलनेत सर्वांत स्पष्ट दिसतो.

२००५ मध्ये अँजेला ब्रोडी यांना कर्करोगावरील उपचारांसाठीचे चार्ल्स एफ. केटरिंग पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ७ जून २०१७ रोजी त्यांचे निधन झाले. ग्राही असलेल्या स्तन-कर्करोगावर रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे, आणि जोखीम जास्त असल्यास त्याहून अधिक काळ, अरोमाटेज-रोधक देणे हा आज जगभर रूढ उपचार आहे. तीनही गोळ्यांची मूळ पेटंटे संपली असून भारतीय कंपन्या त्या तयार करतात.